उष्टी हवा

अकोल्याच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्या माणसाला काही सांगू नये. त्याला वाटतं आपण फुगवून सांगतोय. आमच्याकडे त्यावर एकच उपाय, कूलर. खिडकीत कूलर, समोरचं दार उघडं आणि घरभर वाळ्याचा वास. लग्न होऊन अमरावतीहून इथे आले तेव्हापासूनचे सगळे उन्हाळे मी त्याच वाऱ्यात काढले.

मग यांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. शाळेत संस्कृत शिकवताना मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारा माणूस दोन शब्द बोलून थांबायला लागला. डॉक्टरांनी कूलरची दमट हवा बंद केली. एसी घेतला, खोली गच्च लावून घेतली, तर त्या कोंदट हवेत यांचा जीव घाबरा व्हायचा. खिडकी उघडावी तर झळा आणि धूळ आत, गारवा बाहेर, आणि एसी बिचारा दिवसभर राबतोय. त्या उन्हाळ्यात आम्हा नवरा-बायकोत एकच संवाद उरला होता: "उघड." "लाव." शेवटी डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात यांना मुलीकडे पुण्याला हलवा. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. घर सोडणं यांच्या जिवावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

वाट काढली ती चुलत दिरांनी. ते एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये यंत्रं सांभाळतात. डाळ वाळवून निघणारी गरम हवा तिथे पूर्वी नुसती धुराड्यातून जायची. आता तिच्यातली ऊब काढून आत येणाऱ्या ताज्या हवेला देतात, त्यामुळे भट्टीला जळण कमी लागतं.

"तेच उलटं करू घरी," ते म्हणाले. "जाणाऱ्या हवेतला गारवा येणाऱ्या हवेले देऊ."

फाल्गुनात त्यांनी छताखाली एक चपटी पेटी बसवली, दोन नळ्या भिंतीतून बाहेर काढल्या, धुळीसाठी गाळणी लावली. आणि तिथे आमचं सोवळं आडवं आलं.

"म्हणजे माह्या नाकातून निघालेली हवा परत मलेच?" हे म्हणाले. "उष्टी हवा? बंद कर ते."

मी हसले खरी, पण खुपत मलाही तेच होतं. आमच्या घरात तोंडाला लागलेला चमचा परत भांड्यात जात नाही. पेटी बसल्या बसल्या बंद पडली.

दीर चिडले नाहीत. मला म्हणाले, "वहिनी, तापलेलं दूध निववाले तुमी पातेलं पाण्याच्या परातीत ठेवता नं? मंग पाणी दुधात जाते का?"

"नाही जात."

"तसंच हाये हे. आत पातळ पडदे हायेत. दोन्ही हवा शेजारून जातात, भेटत नाहीत. तुमची हवा पुरी बाहेर जाते दादा, गारवा तेवढा ठेवून जाते."

यांनी मान वर करून पेटीकडे पाहिलं. "परातीतलं पाणी चालते," म्हणाले, आणि पेटी सुरू झाली.

यंदाच्या मे महिन्यात खिडकी बंद होती आणि हवा ताजी होती. मागच्या वर्षी जे यंत्र थांबायचं नाव घेत नव्हतं, ते मधून मधून विसावा घेऊ लागलं. विजेचं बिलही उतरलं, पण मला त्याचं काय! माझा माणूस माझ्या घरात होता. दिरांचे हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

परवा भर दुपारी पेटीतून खरखर यायला लागली. यांनी फोन स्पीकरवर टाकून दिरांना गाठलं आणि सुरू झाले, "काय बसवून ठेवलं रे हे, दुपारी डोळ्याले डोळा लागू देत नाही, कानाशी दळण दळून राह्यलं, येऊन पाहत काहून नाहीस, का आता या वयात मीच चढू शिडीवर!"

सगळं एका दमात. दोन शब्दांवर थांबणारा हा माणूस!

मला वाटलं, दीर आता दुखावणार. पण ते म्हणाले, "बोला दादा, अजून बोला. आयकून राह्यलो मी."