लाल ठिपका

नाम गिथेक रोज सकाळी डोळे उघडले की आधी लाल ठिपका शोधायचा. त्याची बायको मालसुन यंत्राचा पडदा त्याच्या तोंडासमोर ओढायची. ठिपका या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळायचा आणि गिथेकची नजर त्याच्या मागे. तेवढं झालं की यंत्राला त्याचे डोळे कळायचे. मग तो ज्या चौकोनावर नजर रोखेल, तो शब्द यंत्र बोलायचं. मेंदूचा झटका आल्यापासून त्याच्या अंगात हलणारं तेवढंच उरलं होतं.

बुसानच्या बंदरात तो क्रेन चालवायचा. घराएवढा कंटेनर उंचावरून जहाजात ठेवायचा, कुठे ओरखडा नाही. "माझी नजर चुकत नाही," असं मालसुनला ऐकवायचा आणि त्याच नजरेने तिच्या प्रत्येक कामात खोट काढायचा. सार खारट झालं की वाडगा भिंतीवर. आता हात गेले होते, पण तोंड यंत्राने परत दिलं होतं. आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा.

"म्हशी, पेज नाकात घालतेस का?"

"अगंबाई, शिवीसुद्धा किती अदबीने!" मालसुन चमचा पुसत म्हणायची.

त्या दिवशी वॉर्ड ऑफिसातली बाई येणार होती. घरी राहायचं की कायमचं रुग्णालयात, हे त्याने स्वतः सांगायचं होतं; त्याला सांगता येत नसेल तर बायकोने ठरवायचं. पेज भरवून झाल्यावर मालसुनने पडदा स्वतःकडे वळवला. "काच पुसते हं." आणि लाल ठिपक्यामागे तिने आपलेच डोळे फिरवले. गिथेकला तिची फक्त हनुवटी दिसत होती. बाई आली तेव्हा पडदा पुन्हा त्याच्यासमोर होता.

"आजोबा, कुठे राहायचंय तुम्हाला?" बाईने वाकून मोठ्याने विचारलं.

'घर' सगळ्यात वरच्या ओळीत होतं. त्याने नजर रोखली.

"लघवी," यंत्र म्हणालं.

बाईने तोंड फिरवलं. मालसुनने पांघरूण सारून बाटली लावली. काहीच आलं नाही.

"लघवी. लघवी."

वाऱ्यात कंटेनर झुलला की नेम बदलायचा, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. नजर एक ओळ खाली पडतेय, हे त्याने ताडलं. मग एक ओळ वर बघितलं. पण वर पडदा नव्हता, भिंत होती.

"छताकडे बघतायत," बाई हळूच म्हणाली.

"हल्ली असंच. मलाही ओळखत नाहीत." मालसुनने बाहीने डोळे टिपले.

आपली नजर गेली, असंच त्याला वाटलं. बाईची पावलं जिन्यात विरल्यावर मालसुन उशीवर वाकली, त्याच्या गालाला गाल लावला आणि पडद्याकडे बघितलं.

"घर," यंत्र पहिल्याच फटक्यात म्हणालं.

"अहो, माझीही चुकत नाही."

गिथेक रुग्णालयात गेला, यंत्र घरी राहिलं. पुढच्या थंडीत तो तिथेच वारला. त्याचं शेवटचं धड बोलणं बाई आली त्या सकाळचं, तोंडात पेज असतानाचं:

"मीठ कमी पडलंय. उद्या थोडं जास्त घाल."