सुभद्राबाईचा जबडा आणि दमणीचा दंड

मोताळ्याकडच्या एका लहानशा गावातले उकंडराव चालण्याच्या बाबतीत फार काटकसरी. देवळात जायचं तर दमणी, म्हणजे त्यांची हलकी बैलगाडी, पायरीपर्यंत, वाण्याकडे जायचं तर थेट दुकानाच्या फळीपर्यंत. दारात बैल असताना पायी चालणं म्हणजे बैलांचा अपमान, असं ते म्हणत. जिल्हा परिषद नवी नवी झाली त्या साली या सवयीनं त्यांना दंड झाला.

झालं असं, की गावात ग्रामसेवक कंपोस्ट खतावर भाषण द्यायला आले. पुढेच बसली होती उकंडरावांची थोरली बहीण सुभद्राबाई. भावाच्याच घरी राहायची, आणि तिच्या तोंडी लागायची गावात कोणाची छाती नव्हती. भाषणात शेणाचा दुसरा थर टाकून होतो न होतो तोच तिनं अशी दणदणीत जांभई दिली, की जबडाच अडकला. तोंड उघडं ते उघडंच. ग्रामसेवकांना वाटलं, बाईंना खताचं नवल वाटलं. ते आणखी रंगात आले. शेवटी तिनं भावाच्या पाठीत गुद्दा घातला.

"बाई, तोंड मिट न! लोक पाहून राह्यले."

"आऽ आऽ!"

जबडा अडकल्याचं आता कुठे उकंडरावांच्या ध्यानात आलं. माय लवकर गेलेली. त्यांना भरवलं हिनं आणि बदडलंही हिनंच. त्यांनी धावत जाऊन बैल जुंपले, बहिणीला दमणीत घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे असे सुटले, की शंकरपटाच्या शर्यतीतही त्यांचे पाखऱ्या-गुल्या कधी एवढे पळाले नसतील.

दमणी थांबली ती पार दवाखान्याच्या दारात. बाईचा पाय दमणीतून थेट ओट्यावर.

"गाडी मांगं घ्या!" चौकीदार महादेवराव ओरडला.

"आमचे बैल मांगं चालत नाहीत, भाऊ!" म्हणत उकंडराव आत गेले.

डॉक्टरांनी दोन अंगठे तोंडात घालून जबडा खाली दाबला. खट्! तोंड मिटलं. हनुवटीपासून टाळूपर्यंत पट्टी बांधून ते म्हणाले, "आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही."

उकंडरावांना ही शिक्षा जबड्यापेक्षा अवघड वाटली.

बाहेर येऊन पाहतात तो दमणी एकटीच, तोंडघशी पडलेली. बैलांनी डॉक्टरांची शेवंती मुळापर्यंत साफ केली होती, वर त्यांची जीपही अडवून ठेवली होती. महादेवरावानं दोघांना सोडून कोंडवाड्यात पोचवलं होतं.

बहीणभाऊ पायी निघाले. कोंडवाड्याचे कारकून रंगराव पावतीपुस्तक उघडून तयारच होते.

"दवाखान्याच्या दारात जनावर उभं केल्याचा दंड. वैरणीचे पैसे वेगळे."

"वैरण?" उकंडराव चमकले. "अहो, ते शेवंती खाऊन आले! पोट भरल्या बैलाले वैरण काऊन टाकली?"

"कायदा हाय."

"बैलानं खाल्ली काय पण?"

"खाल्ली नाही. पण टाकली."

आता सुभद्राबाईला राहवेना. तिनं हातवारे केले, डोळे वटारले, पाय आपटले, रंगराव ढिम्म. तेव्हा तिनं पट्टी खाली ओढली.

"अरे मेल्या, तुह्या—"

खट्! तोंड पुन्हा उघडं. आणि तशीच ती दोन पावलं पुढे आली.

रंगराव खुर्चीसकट मागे सरकले. "उकंडराव, बाई चावते काय हो? न्या, बैल न्या! दंड राहू द्या!"

"राहू कसा द्या? उद्या तुमचा साहेब माह्या दारात येईन. पावती फाडा!"

बाई आ वासून समोर उभी असताना रंगराव काही पावती लिहायला बसेनात. शेवटी सगळेच दवाखान्याकडे निघाले. बाजाराचा दिवस. पुढे आ वासलेली सुभद्राबाई, मागे दोन्ही कासरे धरून उकंडराव आणि त्यांच्यामागे पुस्तक बगलेत मारून रंगराव. कांदे विकणारी चांगुणा उठून उभी राहिली. "कोनाची वरात हाय वो?" बाईला उत्तर द्यायचं होतं, पण नुसताच "आऽ" निघाला. पाचपंचवीस रिकामटेकडे मागे लागले.

ही मिरवणूक पाहून महादेवराव फाटकात हात पसरून उभा राहिला. "मानसं आत या, बैल भाईर!"

उकंडरावांनी मुकाट्यानं बैल रस्त्यापलीकडच्या निंबाला बांधले आणि फाटकापासून चालत आत गेले. डॉक्टरांनी हसू दाबत जबडा दुसऱ्यांदा बसवला. त्यांच्याच टेबलावर दंडाची पावती फाटली. बाईकडे एकदा पाहून रंगरावांनी वैरणीची रक्कम आपणहून खोडली.

घरी गर्दी जमली. काय झालं, काय झालं? बाईनं पट्टीकडे बोट दाखवलं, मग भावाकडे. जन्मात चार वाक्यं सलग न बोललेले उकंडराव सांगायला बसले. सुभद्राबाई शेजारी. काही सुटलं की चिमटा, काही वाढवलं की चिमटा. माणसं रोज नवी येत, उकंडराव पहिल्यापासून सुरू करत. आठवडा सरता सरता गोष्ट ऐन रंगात आली आणि उकंडरावांचा डावा दंड काळानिळा झाला. हा मात्र त्यांनी बिनपावतीचा भरला.