बाजेखालचे निखारे

शेजारच्या भाभीजींनी त्या दुपारी आमचं दार लाथा घालून उघडलं नसतं, तर हे लिहायला मी नसते आणि माझी लेकही नसती. म्हणून आधी त्यांचं सांगितलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. खातीपुऱ्याला, तिकडे हिंदी मुलखात, आम्हांला रेल्वेचं क्वार्टर होतं. जानेवारीतली थंडी, लेक तीन आठवड्यांची, नवरा ड्युटीवर. आई तिकडे खान्देशात पाय मोडून पडलेली, म्हणून बाळंतपण इथेच झालं. मी आठवीत शाळा सोडलेली. मला येत होतं ते सगळं आईचं बघून. काही विचारायचं तर एसटीडी बूथ गाठावा लागे, आणि बाळंतीण कुठे जाणार?

आई बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, तशी मीही ठेवली. वारा लागू नये म्हणून खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत गोधडी कोंबली. निखारे लालभडक, धूर जराही नाही. वाटलं, तवा तापतो तसा कोळसाही नुसता तापलाय.

डोकं ठणकायला लागलं. म्हटलं, जागरणाचं असेल. लेक रडायची थांबली तेव्हा उलट बरंच वाटलं, झोपली एकदाची. ते वाटणं आजही विसरता येत नाही.

भाभीजी गोंदाचे, म्हणजे आपल्या डिंकाचे, लाडू घेऊन आल्या होत्या. त्यांच्या हाका ऐकू येत होत्या, पण मला उठवेना. मग कडी तुटल्याचा आवाज आला. शुद्ध आली तेव्हा मी अंगणात होते आणि भाभीजी लेकीचे तळवे चोळत होत्या. ती रडली, तशा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मराठन, बच्ची को सेंकना था कि भूनना था?" आणि स्वतःच रडायला लागल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धुआँ था?"

"नहीं जी. इसीलिए तो खिड़की बंद की."

"तवा ठंडा हो तो तवा ही रहता है. कोयला ठंडा हो तो क्या बचता है?"

"राख."

"इतनी सी? बाकी कोयला कहाँ गया?"

तेव्हा कुठे मला उमगलं. बाकीचा कोळसा हवा झाला होता. ना वास, ना रंग, नुसतं विष, आणि आम्ही मायलेकी ते ओढत होतो. आईच्या घरी ते कौलांच्या फटींतून निघून जात असणार. इथे वर सिमेंटचा स्लॅब होता.

भाभीजींची मुलगी आता सासरी असते. तिला दिवस गेले की तिचं बाळंतपण मी करणार, सव्वा महिना तिच्या उशाशी बसणार. भाभीजींना अजून बोलले नाही, पण करणार.