दादाचं आमेन

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्या प्रार्थनेची ख्याती होती; खरं सांगायचं तर तिच्या लांबीची. नाशिकमध्ये आमच्यापैकी कोणी आजारी पडलं, की चारजण जाऊन खाटेभोवती डोळे मिटून उभे राहतात. त्यात मी हमखास असायचो. मी सुरुवात केली की घरातल्या बायकांना गॅसवरच्या कुकरची काळजी लागायची म्हणे. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वडिलांच्या माघारी त्यानेच मला वाढवलं, शिकवलं. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हटल्यावर मला देवाचा भयंकर राग आला. इतकी वर्षं त्याच्या दारात उभा राहिलो, ते यासाठी?

तरी सवय सुटेना. रुग्णालयाच्या वॉर्डात रोज सकाळी मी दादाच्या उशाशी उभा राहून मोठ्याने प्रार्थना करायचो. मध्येच तो धडधाकट डाव्या हाताने खाटेची लोखंडी दांडी वाजवायचा. बोलता येत नाही म्हणून हाताने आमेन म्हणतोय, असं मला वाटे. मग मला भरून यायचं आणि मी प्रार्थना आणखी लांबवायचो.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी माझा दंड धरून हलवला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून होती ती. मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा मळा.

"भाऊ, देव कुठं पळून नाय चालला," ती म्हणाली. "दादांची चादर कधीची ओली हाय. दांडी वाजवून वाजवून रडू राहिले ते."

मी डोळे उघडले. दादा माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या क्षणी मेलो असतो तर बरं, असं वाटलं. ती चादर काढायला वाकली तेव्हा मी "नको, नको, ताई" म्हणत राहिलो, पण हात काही पुढे केला नाही. त्या परक्या बाईनेच दादाला कुशीवर वळवलं, पुसलं, चादर बदलली. मग मला म्हणाली, "उद्या तुम्ही करा. मी सांगते कसं ते."

पुढचे सहा दिवस मी केलं. आधी किळस आली, त्या किळसेची लाज वाटली, मग दोन्ही हळूहळू गेलं. दादा बरा व्हावा म्हणून मी देवाकडे हट्ट धरला होता. देवाने त्याऐवजी ही बाई पाठवली होती. नवव्या दिवशी दादा गेला.

दफनानंतर घरी सांत्वनाला माणसं येत होती, पण मला घरात बसवेना. त्या ताईंची फुलं मळ्यात सुकून चालली होती आणि सासऱ्यांजवळ थांबायला दुसरं कोणी नव्हतं. "सकाळी मी थांबतो, तुम्ही फुलं तोडा," असं त्यांना सांगून मी वॉर्डात गेलो. दादाच्या खाटेवर आता दुसराच कोणी होता. तिकडे न बघता मी बादली भरून आणली आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर ओलं फडकं ठेवलं.

"अरे मेलो! लय थंड हाय पाणी!" म्हातारा ओरडला.

माझा हात तिथेच थांबला. ताई रोज खालच्या कँटीनमधून गरम पाणी आणायच्या, ते कशासाठी हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सहा दिवस दादाला मी नळाच्याच पाण्याने पुसलं होतं. तो अंग चोरायचा, मला वाटायचं लाजतोय. त्याला ओरडता येत नव्हतं. आता माफी मागायला तो नव्हता.

मी खाली जाऊन गरम पाणी आणलं, गारात मिसळलं आणि मनगटावर घेऊन पाहिलं. म्हातारा म्हणाला, "हां, आता बरं हाय." त्याची पाठ पुसता पुसता मी ढसाढसा रडलो. प्रभूचे आभार मानले, की दादाची ती तक्रार त्याने मला उशिरा का होईना, कोणाच्या तरी तोंडून ऐकवली. मागायचं मला आता फारसं सुचत नाही. प्रभू मला ज्याच्या खाटेशी उभं करील, त्याला आधी विचारतो, "पाणी कसं लागतंय?"