ड्रॉवरमागची जागा

माझा साडू वायरमन. कामावर त्याला सगळे 'चार बोटं' म्हणतात, आणि हे नाव मीच पाडलं. ड्रॉवरच्या आत प्लगची सोय करायची म्हटलं की हा पठ्ठ्या आधी घरच्यांची उलटतपासणी घ्यायचा. आत काय ठेवणार, फोन की केस वाळवायचं यंत्र? ड्रॉवर बंद झाला की करंट आपोआप तुटलाच पाहिजे, आणि मागे वायरची घडी बसायला चार बोटं जागा मोकळी पाहिजे. मग मापांसकट नकाशा काढून तो कागद माझ्या हातात द्यायचा. मी सुतार. लाकडातलं मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या घरी त्याने आरशाखालच्या ड्रॉवरमध्ये प्लग बसवला, दहा वेळा उघडझाप करून पाहिला आणि गेला. नंतर बाई मला म्हणाल्या, ड्रॉवर आखूड झालाय. मी म्हटलं, एवढंच ना! दुसऱ्या दिवशी लांब ड्रॉवर करून आणला आणि प्लग मीच काढून त्याला लावला. मागे जेमतेम दोन बोटं उरली. साडूला सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. तो आला असता, मागे हात घालून बघितलं असतं आणि मला ड्रॉवर पुन्हा बनवायला लावला असता.

रोज ड्रॉवर लावताना वायर चेपत गेली, सोलली. दोन महिन्यांनी एका सकाळी बाईंनी ड्रॉवर उघडला, करंट आला आणि जाळ झाला. उजवा तळवा भाजला. दातांच्या डॉक्टरचा उजवा हात! त्यांच्या यजमानांनी साडूला बोलावून वाट्टेल ते सुनावलं. तो मान खाली घालून ऐकत होता. ड्रॉवर जळून गेलेला, माप घेणार कशाचं? मी शेजारीच उभा होतो, मूग गिळून.

त्यानंतर साडूने ड्रॉवरची कामं सोडलीच, साधी घंटा बसवायलाही नको म्हणायला लागला. दुसरा माणूस बघा, म्हणायचा. मेव्हणी माझ्या बायकोजवळ रडली. मला जेवण जाईना, पण तोंडही उघडेना.

चार महिन्यांनी, एका रविवारी त्याच्याकडे गेलो, तर त्याच्या पुढ्यात त्या ड्रॉवरच्या नकाशाची त्याच्याकडची प्रत, घड्यांवर फाटलेली.

"तू बघ रे एकदा," तो म्हणाला. "माझं कुठं चुकलं, मला काही केल्या सापडत नाही."

मग मात्र मला राहवेना. सगळं सांगितलं, दोन बोटांसकट. वाटलं, आता हा माझं थोबाड फोडेल. फोडलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तीनदा माफी मागायला गेलो डॉक्टरीणबाईंकडे," तो म्हणाला. "तिन्ही वेळा दारातूनच हाकललं मला." आणि चपला पायात घातल्या. "चल."

तो मला थेट डॉक्टरीणबाईंच्या घरी घेऊन गेला. दारात मला पुढे उभं केलं आणि घंटा वाजवली. बाईंनी दार डाव्या हाताने उघडलं, माझ्या मागे साडू दिसताच लोटायला लागल्या. मी दाराला हात लावला.

"बाई, याची चूक नाही," मी म्हणालो. "लांब ड्रॉवर करताना याने वायरसाठी सोडलेली जागा मी खाल्ली, आणि प्लगही मीच लावला."