शिवण बाहेर

नात झाल्याचा फोन आला आणि मी आधी मशीनवरचं कव्हर काढलं. झबल्यांना कापड जुनंच लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ह्यांच्या लाडक्या मलमलच्या कुडत्याला एरवी मला हात लावायची सोय नव्हती. आज तो त्यांनी स्वतःच कापायला आणून दिला.

पहिलं झबलं तयार झालं, तसं ह्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं.

“अगं, उलटं शिवलंस की! शिवण बाहेर आलीय.”

“तान्ह्या बाळाचं असंच शिवतात. शिवण आत राहिली तर अंगाला टोचते.”

आजवर मी पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, लेकीची परकर-पोलकी शिवली. दर वेळी धागे, गाठी, फसलेले टाके आत दडवले आणि चांगली बाजू लोकांसाठी ठेवली. आपणही तसेच तर राहतो. बाहेरून नीटनेटके, आणि टोचायचं ते आपलं आपल्याला टोचत असतं. या एवढ्याशा जिवापुढे मात्र तो सगळा शहाणपणा संपतो. मऊ ते सगळं तिला. बघणाऱ्यांनी खुशाल गाठी बघाव्यात!

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पेपर वाचत बसले होते. अंगात बनियन, आणि तो चक्क उलटा.

“अहो, हे काय?”

“मुद्दामच घातलाय,” पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले. “इतकी वर्षं टोचत होतं, कळलंच नाही बघ.”