शकिला मॅडम आणि गोदावरीच्या दुरुस्त्या

स्टाफरूमच्या कपाटात विसरलेले डबे आणि छत्र्या साठतात, तसे आमच्याकडे शकिला मॅडमचे किस्से साठलेत. फरक एवढाच, की डबे कधीतरी कुणीतरी घेऊन जातं! मॅडम भूगोलाच्या, मी गणिताचा. गारखेड्यातल्या आमच्या शाळेत वर्षानुवर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. त्यामुळे यातलं बरंच माझ्यासमोर घडलंय, उरलेल्यात मी चवीपुरतं मीठ टाकलंय.

मॅडमचा जीव नद्यांवर, त्यातही गोदावरीवर. नदीबद्दल कुणी चुकीचं बोललं की त्यांचा घास घशात अडकायचा. आणि त्यांचा एक नियम होता: चूक जेवढ्या आवाजात झाली, तेवढ्याच आवाजात दुरुस्त करायची. कोपऱ्यात गाठून कानात सॉरी म्हटलेलं चालायचं नाही.

रिटायरमेंटचं वर्ष लागलं तेव्हा आम्ही विचारलं, "मॅडम, निरोपाला काय देऊ?"

"शाल नको, श्रीफळ नको. या शाळेत माझ्या तोंडून एखादी चूक गेली असेल, तर तेवढी शोधून द्या. ती मागं ठेवून मला जायचं नाही."

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. मग आम्ही खरंच शोधायला लागलो. जुन्या विद्यार्थ्यांना फोन झाले. एक जण म्हणाला, "मला एकदा वर्गाबाहेर काढलं होतं, ती धरता येईल का?" मॅडम म्हणाल्या, "नाही, ते बरोबर होतं!" थोडक्यात काय, मॅडमची चूक शोधायला बसलो आणि निघाल्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्याच!

*

पहिली आमच्या हेडसरांची. प्रार्थनेनंतर माइकवर सर रंगात आले, "मुलांनो, जायकवाडी गावात एवढं मोठं धरण आहे..."

मॅडम ऑफिसात हजर. "सर, जायकवाडी गाव बीड जिल्ह्यात. धरण आधी तिकडं ठरलं होतं, झालं पैठणला. नाव तेवढं जुनंच राहिलं."

"जाऊ द्या हो मॅडम, पोरांना काय कळतंय?"

"आपण सांगतो तेवढंच कळतं, सर."

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी माइकवर दुरुस्ती केली. पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या, की सर पुढं आठवडाभर खुशीत होते. मात्र त्यानंतर भाषणात कुठलीही नदी आली, की सर आधी मॅडमकडे बघायचे आणि मगच ती वाहू द्यायचे!

*

इतिहासाचे प्रशांत सर नवीन होते तेव्हाची गोष्ट. वर्गात जोरात शिकवत होते, "आणि मग साहेबानं नाईल नदीचा उगम शोधून काढला!"

व्हरांड्यातून जाणाऱ्या मॅडमनी खिडकीतून डोकं आत घातलं. "सर, उगम म्हणजे एवढा मोठा तलाव. तिथल्या कोळ्यांना दिसत नव्हता का?"

"मॅडम, पुस्तकात तसंच आहे."

"मग पुस्तकाला पण सांगा."

प्रशांत सर पोरगा मोठा हुशार. वर्गाकडे वळला आणि तेवढ्याच जोरात म्हणाला, "साहेबाला सापडला, असं लिहा. तिथल्या लोकांचा तो हरवलाच नव्हता!"

*

एकदा आम्ही गंगापूरला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला शेअर जीपनं निघालो होतो. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, त्याला मॅडमची काही हरकत नसायची. पण ड्रायव्हर गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "गंगा नाशकातून निघती. रामकुंड हाय ना तिथं!"

"भाऊ, ती निघते त्र्यंबकला, ब्रह्मगिरीवर. नाशिकला तर ती चालत येते."

"बाई, तुमाला गंगापूरला उतरायचंय का हितंच?"

"हितंच उतरवा. पण आधी सगळ्यांना त्र्यंबक सांगा."

गाडीत हशा पिकला. ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला आणि ओरडून त्र्यंबक सांगितलं. महिन्याभरानं मी एकटाच त्या जीपमध्ये होतो. शेजारचा म्हातारा नाशिक म्हणाला, तसा हाच ड्रायव्हर मागं वळून म्हणतो कसा, "नाशिक म्हणू नका बाबा, आमच्या मॅडम लई चिडत्यात!"

*

परीक्षेतली गंमत वेगळीच. मॅडमनी प्रश्न विचारला, जगातली सर्वांत लांब नदी कोणती? बहुतेकांनी नाईल लिहिलं, काहींनी अ‍ॅमेझॉन. एका मुलीनं लिहिलं, "अजून भांडण चालू आहे." पूर्ण मार्क!

मी म्हणालो, "मॅडम, गणितात असं चालत नाही."

"म्हणून तर मी गणित घेतलं नाही."

*

ईदला मॅडमच्या घरी आम्ही सगळे. वाट्या भरणं चालू होतं, तेवढ्यात त्यांचे दीर इरफानभाई म्हणाले, "गोदावरी भी अरबी समंदर में ही जाती ना, तापी के जैसी?"

पळी हवेतच थांबली. "इरफानभाई, पयले गोदावरी को बंगाल की खाड़ी में छोड़ के आओ, फिर शीरखुर्मा!"

पाहुण्यांसमोर बोलले होते, मग पाहुण्यांसमोरच उभं राहून रिकाम्या वाटीनिशी दुरुस्ती झाली. मॅडमचे मिस्टर माझ्या कानाशी लागले, "सस्ते में छूटे. मेरे को तो निकाह के दूसरे दिन पूरी नदी बोलनी पड़ी थी!"

*

आता शेवटचा. मॅडमच्या रिटायरमेंटच्याच वर्षी सातवीची सहल पैठणला गेली. सोबत मी, मॅडम आणि पीटीचे सोनवणे सर. या सरांचा आवाज असा, की त्यांना शिट्टीची गरज पडत नाही. पण नदीचा विषय निघाला की ते उठून ग्राउंडवर जायचे. आम्हाला वाटायचं, रोजरोज तेच ऐकून कंटाळत असतील.

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या काठावर पोरं रांगेत बसली. मॅडमनी हातातला छोटा भोंगा तोंडाशी धरला आणि दर सहलीला सांगतात तेच सांगितलं, "हे धरण झालं, तेव्हा नदीकाठची गावं इथून दुसरीकडं हलवली."

"नाय हलवली, मॅडम."

सोनवणे सर होते. हात मागं बांधून पाण्याकडे बघत उभे.

"गाव नाय हललं. आमी हललो. गाव हाय तिथंच हाय, पाण्याखाली."

आम्ही सरांच्या गावी हुरड्याला जाऊन आलो होतो. ते त्याच नावाचं नवं गाव, हे आम्हाला तेव्हा कळलं. मॅडमनी भोंगा खाली घेतला. मी त्यांचा चेहरा असा कधी बघितला नव्हता.

"सर, मी हे कधीपासून चुकीचं सांगतेय?"

"मी शाळेत लागलो तवापासून."

"आणि एकदाही बोलला नाहीत?"

"तुमी इतकं ठामपणं सांगायच्या, मॅडम. मलाच वाटायचं, हललं बी आसंल."

मॅडमनी भोंगा परत उचलला. "पोरांनो, मी चुकले. गाव हललं नाही, गाव इथंच आहे. पुढचं सर सांगतील."

सर भोंगा घेईनात. मॅडमनी तो त्यांच्या हातात ठेवला, स्वतः पोरांच्या रांगेत जाऊन बसल्या आणि मांडी घातली. या बाईंबद्दल मला आयुष्यात सगळ्यात जास्त आदर वाटला तो त्या घडीला.

सर पाण्याकडे बोट दाखवत बोलायला लागले. "ती होडी दिसती का? तिच्या अलीकडं मारुतीचं देऊळ. देवळामागं चिंच. चिंचेला लागून आमचं घर. मी तवा पहिलीत होतो."

सगळी पोरं होडीकडे बघत होती. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, घराचं दार कुणीकडं होतं?"

सोनवणे सरांनी भोंगा खाली घेतला.

"गंगेकडं."